खेळाडूंच्या गावात जिने फार

सगळ्यात आधी पायांचं बघू. आत्ता हे वाचताना तुमचे पाय कुठे आहेत हे तुम्हाला न बघता माहीत आहे. एक बहुधा दुसऱ्यावर टाकलेला असेल, एखादा अंगठा उगाच हलत असेल. ते सगळं आता बंद. बेंबीच्या खाली काही नाही. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, फरशी गार की गरम ते कळत नाही. पाय दिसतात, तुमचेच आहेत, पण नजर टाकल्याशिवाय ते कुठे आहेत ते सांगता येत नाही. आणि सरळ बसायला जाल तर पहिल्या धक्क्याला पुढे कोसळाल, कारण पोटापाठीचे जे स्नायू आजवर तुम्हाला गुपचूप ताठ धरून होते, तेही गेले. धरा खुर्चीचा हात. घट्ट. आपण इंग्लंडमधल्या एका विमानतळावर आहोत, सप्टेंबर 1960, आणि तुम्हाला रोमला, चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंच्या स्पर्धांत, तिरंदाजीला जायचं आहे.

अंगावर कपडे ब्रिटनच्या संघाचे आहेत. इलाज नाही, भारताचा संघ या स्पर्धांत पहिल्यांदा दिसेल तो आठ वर्षांनी, तेल अवीवला. तोवर साहेबाच्या गोटात जमवून घ्या. आणखी एक, पुरुष वाचकांनी रोमपुरतं बाई व्हायचं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

विमानाला जिना लावलेला आहे. तो तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी येते ती फोर्कलिफ्ट, गोदामात पेट्या चढवतात ती. तिच्या पुढच्या फळीवर तुम्हाला आणि शेजारच्या काही जणींना खुर्च्यांसकट उभं करतात, ब्रेक लावतात, आणि खाली बसलेला ड्रायव्हर दांडा ओढतो. धूर, डिझेलचा वास, एक हिसका, आणि तुम्ही वर. शेजारची खोखो हसते आहे. तुम्हीही हसा, नाहीतर खाली बघाल. विमानाच्या दारातून खुर्ची आत जात नाही, म्हणून एक जण मागून काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली, आणि तुमची वरात अरुंद बोळातून आसनापर्यंत. अख्खा संघ चढेपर्यंत पहिल्या चढलेल्यांची झोप काढून झालेली असते. सकाळपासून तुम्ही चहाला हात लावलेला नाही हे लक्षात असू द्या. विमानात मोरी आहे, पण तुमच्या आसनापासून ती चंद्राइतकी दूर आहे.

रोमला दार उघडतं आणि ऊन तोंडावर येतं. सप्टेंबरचं ऊन, आपल्या ऑक्टोबर हीटची धाकटी बहीण. इथे तुम्हाला स्वतःच्या शरीराबद्दल नवी गोष्ट कळेल. कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या आहेत आणि कमरेखाली तुम्ही कोरडे ठाक आहात. मज्जारज्जू तुटला की घामाचा निरोपही खाली पोचत नाही. अर्ध्या कातडीने सगळ्या अंगाची उष्णता बाहेर टाकायची म्हणजे डोकं गरगरणारच. मानेवर ओला रुमाल ठेवा. पाणी प्या, पण मोजून. का मोजून, ते त्या विमानातल्या मोरीला विचारा.

बस तुम्हाला टायबर नदीजवळच्या खेळाडूंच्या गावात आणते. गाव ओळखीचं वाटेल. आठवडाभरापूर्वी इथे ऑलिंपिकची माणसं राहत होती. चौथा आलेला मिल्खा सिंग इथल्याच वाटांवरून हिरमुसला होऊन फिरला असेल. अनवाणी मॅरेथॉन जिंकलेला इथिओपियाचा अबेबे बिकिलाही इथलाच. नव्या रंगाचा वास अजून गेलेला नाही, पाइनच्या झाडांखाली सुया पडल्या आहेत, आणि घरं? घरं देखणी आहेत. सगळी खांबांवर उभी. खाली मोकळी सावली, वर खोल्या, मध्ये जिना.

पुन्हा वाचा. मध्ये जिना.

जवळपास 400 खेळाडू, झाडून सगळे मणक्याच्या दुखापतीचे, सगळे चाकांवर, आणि त्यांची घरं जिन्यावर. वास्तुकारांना नावं ठेवू नका. त्यांनी ही घरं पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांसाठी बांधली होती. इटलीच्या लष्कराने यावर लष्करी तोडगा काढला आहे. जिन्यापाशी जवान उभे आहेत, मिसरूड फुटलेली पोरं. ते तुमची खुर्ची चारी बाजूंनी धरतात, एकमेकांना काहीतरी ओरडून सांगतात आणि तुम्हाला पाठीवर कलंडवून वर न्यायला लागतात. तुम्हाला आभाळ दिसतं, मग छत, मग एका जवानाची हनुवटी. लोकरी गणवेशाचा, लसणाचा, सिगारेटचा वास. जिन्याच्या वळणावर एकाचा बूट घसरतो. काळजाचा ठोका चुकतो, पण हात सुटत नाहीत. वर पोचल्यावर तो घाम पुसत 'सिन्योरा' म्हणून सलाम ठोकतो. त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

चिडायची वेळ अर्ध्या तासाने येईल, खाली उतरवल्यावर, जेव्हा बोटांना बांधायचं चामडं वर पलंगावर राहिल्याचं आठवेल. परत चार जवान? राहू दे. अशी किती 'राहू दे' या गावात दिवसभरात म्हटली जातात! भूक नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना भूक आहे. जेवणाच्या वेळी जिन्यापाशी रांग लागते इतकंच. चालत्या माणसाला गाव लहान वाटतं. तुम्हाला ते आज तीनदाच खाली उतरू देणार आहे. तेव्हा कशासाठी उतरायचं ते आधी ठरवा.

रात्र झाली. तुमची झोप तुमची नाही. दोन तास झाले की कूस बदलायची. तुम्हाला टोचत नाही, आणि घोळ तिथेच आहे. निरोगी माणूस झोपेत स्वतःच वळतो, तुम्ही एकाच जागी पडून राहिलात तर हाडाखालची कातडी मरते आणि सकाळी तिथे जखम असते. असल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने पूर्वी मणका मोडलेली माणसं पटापट जात. कुणी त्यांच्या पुढच्या वर्षाचा विचारच करत नसे. मग 1944 मध्ये स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर आले, हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू, आवाज सरदारी आणि इंग्रजीला जर्मन फोडणी. त्यांनी फर्मान काढलं की दर दोन तासांनी प्रत्येकाला वळवायचं, दिवसा आणि रात्री, आणि ते स्वतः अवेळी येऊन बघत. माणसं जगायला लागली. जगली तशी कंटाळली. कंटाळलेले सैनिक खुर्च्यांवर बसून काठ्यांनी पोलो खेळायला लागले आणि एकमेकांची डोकी फोडायची वेळ आली, तेव्हा तो खेळ बंद करून दुसरे आणले. 1948 मध्ये इस्पितळाच्या हिरवळीवर 16 जणांनी धनुष्यं उचलली. लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं तो दिवसही तोच. हा योगायोग मला तरी वाटत नाही, गुटमान गोष्टी योगायोगावर सोडणाऱ्यांतले नव्हते. त्या हिरवळीवरूनच या स्पर्धा रोमपर्यंत आल्या. गुटमानचे रुग्ण त्यांना 'पॉपा' म्हणतात. मागून म्हणतात.

सकाळी पहिलं काम आरशाचं. हातातला आरसा मागे नेऊन टाचा, माकडहाड, मांड्यांची मागची बाजू तपासा. लाल डाग दिसला आणि बोट दाबल्यावर फिका झाला नाही तर आजची स्पर्धा विसरा. डाग नाही? मग मूत्राशय. तळहाताने ओटीपोट दाबून रिकामं करायचं, घड्याळ लावून, कारण 'लागली' असं आतून कुणी सांगणार नाही. पुरुषांकडे रबरी नळी आणि पायाला बांधायची पिशवी असते. बायकांसाठी तितकंही धड काही कुणी शोधलेलं नाही. मासिकात हे कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण या गावातल्या प्रत्येक खोलीत आत्ता हेच चाललं आहे, आणि ज्याचं हे बिघडलं त्याने वर्षभर केलेला सराव आज वाया. वर्तमानपत्रवाले ज्याला जिद्द म्हणून छापतात त्यातला निम्मा भाग आरसा, घड्याळ आणि साबण यांचा आहे.

दहा वाजता डॉक्टर. तुम्हाला कोणत्या वर्गात टाकायचं ते ठरवायचं आहे. टाचणी घेऊन ते खालून वर टोचत येतात. 'कळतंय?' नाही. 'इथे?' नाही. 'इथे?' आई गं! झालं, तिथे शाईची खूण. मग गुडघा हलवून दाखवा, पोट आवळून दाखवा. जगातली ही एकमेव स्पर्धा असेल जिथे मैदानाबाहेर खेळाडू शक्य तितके अशक्त दिसायचा कसून प्रयत्न करतात. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा पाय मघाशी हलताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. डॉक्टरांपुढे तो ढिम्म. तक्रार करायची का? बघा बुवा, संघ तुमचाच आहे.

आता मैदान. खुर्चीचं वजन वीस-बावीस किलो, लोखंड आणि क्रोम, घडीची. उन्हात चाकांच्या कड्या तापल्या आहेत. तळव्यांना आधीच घट्टे आहेत, अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलली आहे. गवतावर चाक रुततं, म्हणून प्रत्येक रेट्याला खांदा आतून कुरकुरतो. अधूनमधून दोन्ही हात टेकून ढुंगण उचलायचं, क्षणभर अधांतरी राहायचं, पुन्हा बसायचं. सगळी रांग हे करते आहे, गप्पा मारता मारता, अगदी सवयीने.

समोर पन्नास यार्डांवर टार्गेट. बायकांच्या कोलंबिया फेरीत एकूण 72 बाण: पन्नास, चाळीस आणि तीस यार्डांवरून प्रत्येकी 24. (म्हणून बाई व्हायला सांगितलं.) मधल्या सोनेरी वर्तुळाला नऊ गुण, मग लाल, निळा, काळा, पांढरा. धनुष्य उचला. उभा तिरंदाज दोन पाय जमिनीत रोवतो आणि सगळा ताण त्यांच्यावर सोडतो. तुम्ही कशात रोवणार? दोरी ओढायला लागलात की धड धनुष्याकडे झुकतं आणि थांबवायला पोटात काही नाही. मग खुर्चीच्या पाठीला रेलून, मान आणि खांद्यांनी तोल सावरून, एक असा कोन सापडतो जिथे अंग एका श्वासापुरतं स्थिर राहतं. हा कोन कुठल्या पुस्तकात नाही. आणि धनुष्याचं खालचं टोक चाकाला लागणार नाही इतकं तिरकं धरा, नाहीतर बाण शेजारच्या मैदानात.

सोडा.

दोरी सुटल्याचा टणत्कार, दंडाला चाटून गेलेली आग, आणि बऱ्याच वेळाने, तुम्हाला तरी बऱ्याच वेळाने, गवताच्या गठ्ठ्यात बाण घुसल्याचा ठप्प आवाज. लाल. सात. आणि त्या सबंध वेळात तुम्ही पायांचा विचार केला नाही. मला विचाराल तर दिवसभरातला हा सगळ्यात सोपा भाग आहे. तो जिना, ती बस, तो आरसा, हे सगळं अवघड. बाण मारणं ही सुट्टी.

72 बाण होईपर्यंत दंड थरथरायला लागतात. गुण मोजणारे कागदावर काहीतरी खरडत राहतात, इटालियनमध्ये. तुम्ही कितवे आलात? कुणी सांगत नाही. पुढच्यांना जागा करा म्हणतात. चला बसकडे.

बसमध्ये तुमच्या पुढे बसलेली बाई म्हणजे मार्गरेट मॉन. लँकशायरच्या प्रेस्टनची शिक्षिका. गेल्याच वर्षी आफ्रिकेत, आज ज्याला मलावी म्हणतात तिथे, गाडीच्या अपघातात मणका गेला. धनुष्य हातात आलं ते इस्पितळात, उपचार म्हणून. तीही दमली आहे. सगळ्यांना चढवून, खुर्च्या बांधून झाल्या आहेत, बस निघायच्या बेतात आहे, आत उकडतंय. इतक्यात एक माणूस धावत येतो आणि दारात उभा राहून नाव पुकारतो. मार्गरेट मॉन कोण? उतरा, पदक द्यायचंय.

कसलं पदक? तिलाही ठाऊक नाही. पुन्हा उतरवाउतरवी, शिव्या आणि हशा दोन्ही. विजेत्यांचा चौथरा बघा: पायरी आहेच! ज्यांनी कुणी तो केला त्यांना पाहुणे कोण आहेत हे सांगायचं राहूनच गेलं असणार. दोन माणसं तिला खुर्चीसकट उचलून वर ठेवतात. सुवर्ण. या स्पर्धांतलं ब्रिटनचं पहिलं, आणि ते जिंकलेली बाई दोन मिनिटांपूर्वी जेवायला काय असेल याची चौकशी करत होती. टाळ्या वाजवा, हात दुखत असले तरी. तलावातही ती एक सुवर्ण मिळवणार आहे, पाठीवरच्या पोहण्यात, आणि तिथे तिच्या वर्गात ती एकटीच आहे. टाचणीने वर्ग इतके बारीक पाडल्यावर असंही होतं. फक्त बुडायचं नाही, एवढीच अट.

संध्याकाळी बास्केटबॉलला चला, पण कानांत बोटं घालून. वीस किलोची खुर्ची वीस किलोच्या खुर्चीवर आदळते तेव्हा ऐकणाऱ्याचेच दात दुखतात. पाय ठेवायच्या फळ्या एकमेकींत अडकतात, एक अमेरिकन पुढे पडतो, पालथा, पाय खुर्चीतच. प्रेक्षकांमधल्या बायका 'मादोन्ना!' करून डोळ्यांवर हात घेतात. तो पडल्या पडल्या चेंडू पास करतो. कुणीतरी खुर्ची उभी करतं, हा वर चढतो, आणि रेफरीशी भांडायला लागतो. हे भांडण नीट ऐका, कारण इथे प्रेक्षकांचा चेहरा बदलतो. आत्तापर्यंत ते हळवे होऊन बघत होते, एखादी म्हातारी क्रूस करत होती. रेफरीला शिव्या सुरू झाल्यावर अर्धे एका बाजूने ओरडायला लागले, अर्धे दुसऱ्या. आता त्यांना कुणाची दया येत नाही, फक्त फाउल होता की नव्हता एवढंच पडलं आहे. काय बरं वाटतं!

शहर बघायचं असेल तर बघून घ्या, पण रोमचे रस्ते काळ्या दगडी चिऱ्यांचे आहेत. चाक त्यांवरून गेलं की हाडं खुळखुळतात, आणि मांडीवर ठेवलेलं आइस्क्रीम पायांवर सांडतं. ते गार आहे हे तुम्हाला कळणार नाही, पँटवर डाग दिसेल तेव्हा कळेल. पोप तेविसावे जॉन यांनी सगळ्यांना व्हॅटिकनमध्ये भेटीला बोलावलं आहे. खुर्च्यांची अशी रांग त्या भिंतींनी पूर्वी बघितली नसावी. पॉपा आणि पोप समोरासमोर. ऑलिंपिक पुन्हा सुरू करणाऱ्या कूबेर्तँशी पोपनी गुटमानची तुलना केली. गुटमान नम्र होऊन मान खाली घालतात, आणि गावात परतल्यावर दिवे लवकर का बंद झाले नाहीत म्हणून ओरडतात.

आता बारा वर्षं पुढे उडी मारू. पुरुषांनी पुन्हा पुरुष झालं तरी चालेल.

ऑगस्ट 1972, जर्मनीतलं हायडेलबर्ग. मुख्य ऑलिंपिक त्याच महिन्यात म्युनिकला व्हायचं आहे. तिथल्या खेळाडूंच्या गावातली घरं मात्र नंतर फ्लॅट म्हणून द्यायची ठरलेली, त्यामुळे खुर्चीवाल्यांना जागा मिळाली नाही. मिळाली ती नेकार नदीकाठच्या या विद्यापीठाच्या गावात. खेळाडू आता हजाराच्या घरात आहेत. आणि तुमच्या छातीवर या वेळी भारत लिहिलेलं आहे.

तलावाशी या. क्लोरीनने डोळे चुरचुरतात, ओल्या फरशीवर खुर्च्यांची चाकं घसरतात, काठावर रिकाम्या खुर्च्या ओळीने उभ्या आहेत. मधल्या लेनमध्ये जो माणूस आहे त्याच्याशी मराठीत बोलायला हरकत नाही. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे. सैन्यात, ईएमई या यांत्रिकी विभागात, बॉक्सर. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, त्यातली एक मणक्यापाशी अजून आहे. चार वर्षांपूर्वी तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळून आले. दोन वर्षांपूर्वी एडिंबराला पोहण्यात सुवर्ण. इथवर यायच्या खर्चासाठी क्रिकेटवाल्या विजय मर्चंट यांची मदत झाली. 'काय पेटकर, कसं काय?' असं विचाराल तर उत्तर थोडक्यात येईल, कारण इशारा व्हायच्या बेतात आहे.

पन्नास मीटर, फ्रीस्टाइल. तुम्ही शेजारच्या लेनमध्ये उतरा, काठावरून बघून समजायचं नाही. पाण्यात पहिला अनुभव सुखाचा आहे: खुर्ची नाही, जिना नाही, वजन नाही. दुसरा अनुभव लगेच येतो. पाय खाली जायला लागतात आणि भिजलेल्या गोणीसारखे मागे ओढतात. लाथ मारता येत नाही. भिंतीला पायाने रेटता येत नाही. सगळं काम दोन खांद्यांनी, आणि प्रत्येक हात मारला की कंबर दुसरीकडे वळते, ती सरळ करायची तीही हातांनीच. नाकात पाणी, कानांत जर्मन आरडाओरडा, मधूनच छतावरचे दिवे. तिसाव्या मीटरला दंडांत शिसं ओतल्यागत होतं. तुमच्या डाव्या अंगाला पाणी उसळतंय ते पेटकर आहेत. होते. आता पुढे गेले.

37.33 सेकंद. विश्वविक्रम आणि सुवर्ण. ऑलिंपिक धरा नाहीतर ही स्पर्धा, भारताच्या एकट्या खेळाडूने मिळवलेलं पहिलं सुवर्णपदक. तुम्ही अजून तलावातच आहात, घाई करू नका, काठ येईल.

काठाला लागाल तेव्हा पेटकरांना अंग पुसायलाही फुरसत नाही. त्यांचं नाव भाल्यात आहे, नेमक्या जागी भाला टाकायच्या स्पर्धेत आहे, आणि स्लॅलममध्येही. तिन्हीकडे ते अंतिम फेरीपर्यंत जाणार आहेत. तुमचंही नाव मी स्लॅलममध्ये घातलंय, विचारायचं राहिलं. झेंड्यांमधून खुर्ची नागमोडी काढायची, उलटी न्यायची, मुद्दाम बांधलेल्या चढावर चढवायची आणि उतरवायची, घड्याळ लावून. झेंडा पडला की दंडाचे सेकंद. हात कोरडे करा, कड्या ओल्या हातात निसटतात. चढावर पुढे झुका, नाहीतर खुर्ची मागे उलटेल, आणि इथे उचलायला इटलीचे जवान नाहीत. तुमचा नंबर पुकारला. अहो, ब्रेक! ब्रेक सोडा आधी!